व्हॉल्व्ह कंप्रेसर किट : जोडणी आणि जुळवणी (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हा ध्वनिमुद्रणातला कंप्रेसर, म्हणजे आवाज प्रमाणाबाहेर चढला की तो आपोआप दाबणारे यंत्र. किटच्या खोक्यात तीन ट्रान्सफॉर्मर, ६बीए६ व्हॉल्व्हची जुळवलेली जोडी आणि त्या जोडीच्या मोजमापांची चिठ्ठी आहे. चिठ्ठी फेकू नका. बाकीचे सामान, म्हणजे रेझिस्टन्स, कंडेन्सर, बेस, स्विच वगैरे, इंदूरच्या महाराणी रोडवर सहज मिळते. चेसिस ॲल्युमिनियमचा घ्या. लोखंडी पत्र्यातून मेन्स ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थेट इनपुट ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते आणि मग कितीही अर्थिंग बदला, गुणगुण जात नाही.

हे यंत्र काय करते

६बीए६ हा जुन्या रेडिओच्या आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) स्टेजमधला पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह. त्याच्या ग्रिडची तार मुद्दाम असमान अंतराने गुंडाळलेली असते. त्यामुळे ग्रिडवर मायनस वाढवत नेले की व्हॉल्व्ह एकदम बंद पडत नाही, त्याची वाढवण्याची ताकद हळूहळू उतरते. कारखान्याच्या आकड्यांनुसार प्लेटवर २५० आणि स्क्रीनवर १०० व्होल्ट असताना ट्रान्सकंडक्टन्स (म्हणजे या ताकदीचे माप) ४४०० मायक्रोम्हो असतो, आणि ग्रिड साधारण मायनस २० व्होल्टवर नेल्यावर तो ४० पर्यंत येतो. रेडिओत या गुणाचा उपयोग जवळचे आणि दूरचे स्टेशन सारख्या आवाजात ऐकू यावे म्हणून व्हायचा. कंप्रेसरमध्ये तेच काम गायकाच्या आवाजावर होते : आउटपुटचा थोडा भाग घ्यायचा, वाढवायचा, डायोडने त्याचे मायनस डीसी करायचे आणि ते परत ग्रिडला द्यायचे. हे डीसी ग्रिडकडे नेणारी तार म्हणजे कंट्रोल लाइन.

१९५०च्या दशकाअखेरच्या फेअरचाइल्ड ६७० या कंप्रेसरमध्ये याच तत्त्वावर एकूण २० व्हॉल्व्ह होते. त्यातला ६३८६ व्हॉल्व्ह आज मिळणे कठीण आणि मिळाला तरी परवडत नाही, म्हणून आम्ही ट्रायोड जोडणीतला (स्क्रीन प्लेटला जोडलेला) ६बीए६ वापरतो. रशियन ६के४पी किंवा ईएफ९३ हेही याच बेसमध्ये चालतात. ईएफ८९ मात्र नऊ पिनांचा आहे. तो जुन्या रेडिओतून काढून यात बसवता येणार नाही.

वीजपुरवठा

मेन्स ट्रान्सफॉर्मरला २०० व्होल्ट ६० मिलीअँपचे एक आणि ६.३ व्होल्ट २ अँपचे दुसरे वाइंडिंग आहे. २०० व्होल्टला चार १एन४००७ चा ब्रिज जोडा, पुढे ४७ मायक्रोफॅरड, ४७० ओम, ४७ मायक्रोफॅरड, ४७० ओम, ४७ मायक्रोफॅरड. दोन्ही ४७० ओम २ वॅटचे. बिनभाराचे व्होल्टेज २८३ पर्यंत जाते, भाराखाली शेवटच्या टोकाला २४० ते २५० उरते. व्हॉल्व्ह थंड असताना सुरुवातीची काही सेकंदे सगळ्या कंडेन्सरवर पूर्ण २८३ व्होल्ट बसतात, म्हणून तिन्ही कंडेन्सर ४०० व्होल्टचे हवेत. "आत २४५च असतात" असे म्हणून २५० व्होल्टचे लावलेले कंडेन्सर पहिल्या उन्हाळ्यातच फुगतात.

६बीए६ ला २४५ व्होल्ट देऊ नका. ट्रायोड जोडणीत स्क्रीनवरही तेवढेच व्होल्टेज येते आणि स्क्रीन ते फार काळ सोसत नाही. २४५ मधून ५.१ किलोओम ५ वॅट घ्या आणि ०ए२ या गॅस व्हॉल्व्हने १५० व्होल्ट स्थिर करा. त्याचा ॲनोड पिन ५ आणि कॅथोड पिन २. ०ए२ ला समांतर ०.१ मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कंडेन्सर कधीही लावू नका. "फिल्टर आणखी चांगला होईल" म्हणून ४७ मायक्रोफॅरड लावला की ०ए२ विझत-पेटत राहतो आणि आवाजात करवतीसारखी घरघर येते. ०ए२ मिळाला नाही तर ७५ व्होल्ट ५ वॅटचे दोन झेनर, १एन५३७४, एकापुढे एक जोडा. आवाजात फरक पडत नाही.

स्थिर व्होल्टेजचा हट्ट का? कंप्रेसर दाबायला लागला की व्हॉल्व्हचा करंट कमी होतो. साध्या रेझिस्टन्समधून पुरवठा असेल तर त्याच क्षणी व्होल्टेज चढते, स्क्रीन वर जाते आणि जे दाबले ते निम्मे परत उसळते.

हीटरला दोन ६बीए६, एक १२एयू७ आणि एक ६एएल५ मिळून १.२ अँप लागतो. ६.३ व्होल्टच्या दोन्ही टोकांपासून चेसिसला १०० ओमचा एकेक रेझिस्टन्स द्या आणि हीटरच्या तारांना पीळ घाला. शेवटच्या कंडेन्सरला २२० किलोओम १ वॅटचा ब्लीडर लावा. यंत्र बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे व्हायला अडीच मिनिटे लागतात. अडीच मिनिटांनंतरही हात घालण्याआधी मीटर लावून बघाच.

अर्थिंगची तार चेसिसला स्टार वॉशर घालून बोल्टने पक्की करा. रामबागेतल्या जुन्या घरांत भिंतीतली तिसरी पिन बऱ्याचदा कुठेच जोडलेली नसते. ती जोडलेली असली तरी मे महिन्यात माळव्याची काळी माती तडकून कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरते उरते. यंत्र पहिल्यांदा लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

जोडणी

६बीए६ च्या पिना खालून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजा : १ ग्रिड, २ सप्रेसर, ३ आणि ४ हीटर, ५ प्लेट, ६ स्क्रीन, ७ कॅथोड. पिन ५ आणि ६ मध्ये १०० ओम. पिन २ सरळ ७ ला. पिन १ वर बेसलाच चिकटून १ किलोओम. हे दोन छोटे रेझिस्टन्स वगळले तर व्हॉल्व्ह रेडिओसारखा आपल्याच धुनीत ऑसिलेट होतो. कानाला काही ऐकू येत नाही, फक्त मोजमापे विचित्र येतात आणि आवाज मळकट होतो.

इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची दोन टोके दोन ग्रिडना, मधला टॅप कंट्रोल लाइनला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप १५० व्होल्टला, टोके दोन प्लेटना. प्रत्येक कॅथोडला १० ओम १ टक्क्याचा मोजणीचा रेझिस्टन्स, त्यापुढे दोघांमध्ये १०० ओमचा वायरवाउंड बॅलन्स पॉट, पॉटच्या मधल्या पिनेपासून ३३० ओम जमिनीला. कार्बन पॉट इथे वापरू नका, वर्षभरात खरखरतो.

दोन्ही प्लेटपासून ०.१ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचे कंडेन्सर ५०० किलोओमच्या जोड पॉटकडे जातात. हाच समोरच्या पॅनलवरचा थ्रेशोल्ड, म्हणजे दाबणे कुठून सुरू व्हावे ते ठरवणारा. तिथून १२एयू७ चे दोन भाग : प्लेटला ४७ किलोओम, कॅथोडला १.५ किलोओम आणि त्यावर ४७ मायक्रोफॅरड, पुरवठा २४५ व्होल्टचा. त्यांच्या प्लेटपासून १ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर ६एएल५ च्या कॅथोडना, म्हणजे पिन १ आणि ५ ला. इथे ०.१ चालवून घेऊ नका : पुढचा टायमिंग कंडेन्सर त्याच्यापेक्षा मोठा ठरतो, दर आवर्तनाला थोडाथोडाच चार्ज पुढे सरकतो आणि आघात निसटून गेल्यावर कंप्रेसर जागा होतो.

पिन १ आणि ५ पासून १०० किलोओमचा एकेक रेझिस्टन्स प्रीसेटच्या मधल्या पिनेकडे जातो. हा १० किलोओमचा प्रीसेट ४७० किलोओममधून २४५ ला जोडलेला आहे, म्हणून शून्य ते ५ व्होल्ट मिळतात. सिग्नलचे शिखर या व्होल्टेजच्या पुढे गेल्याशिवाय डायोड चालत नाही. ३ व्होल्टवर ठेवून सुरुवात करा. ६एएल५ चे दोन्ही ॲनोड, पिन २ आणि ७, एकत्र करून ॲटॅकच्या (दाबणे किती लवकर सुरू व्हावे ते ठरवणाऱ्या) रेझिस्टन्समधून कंट्रोल लाइनला.

टायमिंग कंडेन्सर ०.४७ मायक्रोफॅरड, फिल्मचाच. इलेक्ट्रोलिटिक गळतो. आधीच्या व्हॉल्व्हचा स्वतःचा साधारण १० किलोओम धरला तर ॲटॅकला १० किलोओम लावून सुमारे ९ मिलीसेकंद मिळतात, ४७ लावून २७. रिलीज (दाबलेला आवाज परत वर यायचा वेळ) : ४७० किलोओमला ०.२२ सेकंद, १ मेगओमला ०.४७, २.२ मेगओमला सुमारे एक सेकंद.

पहिल्यांदा चालू करताना

मेन्सच्या मालिकेत ४० किंवा ६० वॅटचा दिवा लावा. तारेचाच हवा, एलईडी नाही. ०ए२ सोडून बाकी व्हॉल्व्ह काढलेले ठेवा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भरभरून पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि बहुधा तो ब्रिजमध्ये उलट्या लावलेल्या डायोडचा असतो. दिवा मंद राहत असेल तरच तो काढा आणि १५० च्या टोकाला मीटर लावा. १४५ ते १६० मध्ये काहीही आले तर चालेल. चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात.

आता व्हॉल्व्ह बसवा. हीटर ५.७ ते ६.९ व्होल्टच्या बाहेर असता कामा नये, आणि हे संध्याकाळी लाइन पडते तेव्हाही बघा. कंट्रोल लाइन जमिनीला जोडून अर्धा तास तापू द्या. प्रत्येक १० ओमवर ५० ते ६० मिलिव्होल्ट, म्हणजे ५ ते ६ मिलीअँप, यायला हवेत. जास्त आले तर ३३० ओम वाढवून ३९० किंवा ४७० करा, कमी आले तर २७०.

बॅलन्स

यात घाई केली तर बाकी सगळे व्यर्थ. कंट्रोल व्होल्टेज दोन्ही ग्रिडवर एकाच वेळी, एकाच दिशेने येते. दोन्ही व्हॉल्व्ह सारखे असतील तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ते एकमेकांना खोडतात. सारखे नसतील तर दर आघाताला लाउडस्पीकरमधून "धप्प" येते. विश्रांतीच्या स्थितीत दोन व्हॉल्व्हचे करंट जुळले म्हणून ते मायनस ६ व्होल्टवर जुळतीलच असे नाही. म्हणून आम्ही प्रत्येक व्हॉल्व्ह आधी २० तास चालवून शून्य, मायनस ३, मायनस ६ आणि मायनस ९ व्होल्टवर मोजतो. चिठ्ठीवर तेच चार आकडे आहेत. पुढे कधी दुसरी जोडी घ्याल तेव्हा दहा-बारा व्हॉल्व्हमधून अशीच निवडा. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले दोन उचलून आणले तर नशिबावर सोडल्यासारखे होईल.

पद्धत अशी. टायमिंग कंडेन्सर आणि ॲटॅकचा रेझिस्टन्स कंट्रोल लाइनपासून सोडवा. ९ व्होल्टच्या बॅटरीचे प्लस टोक चेसिसला, बॅटरीवर आडवा १० किलोओमचा पॉट, पॉटच्या मधल्या पिनेपासून चेसिसला १०० मायक्रोफॅरड (प्लस चेसिसकडे). मधल्या पिनेपासून १ किलोओम घेऊन कंट्रोल लाइनला आणा. हीटरच्या एका टोकापासून १० किलोओम घेऊन त्याच बिंदूला लावा. आता दोन्ही ग्रिडवर मायनस डीसीसोबत साधारण ०.३ व्होल्ट, ५० हर्ट्झ सारखेच येते आहे. इनपुट शॉर्ट करा, आउटपुटला ६२० ओम लावा आणि मिलिव्होल्टच्या रेंजवर बॅलन्स पॉट फिरवून कमीत कमी आकडा शोधा. आधी १० किलोओम सुटा ठेवून यंत्राची स्वतःची गुणगुण किती ते लिहून घ्या, नाहीतर तिच्याशीच झगडत बसाल.

बॅटरीचा पॉट शून्यावर न ठेवता मायनस ४ व्होल्टवर ठेवून हे करा. यंत्र बहुतेक वेळ त्याच भागात काम करते. शून्यावर मिलिव्होल्टपर्यंत अचूक आणि दाबताना धपधपणारा बॅलन्स कोणाच्या उपयोगाचा नाही.

मीटर

३३० ओमवर विश्रांतीत सुमारे ४ व्होल्ट असतात. १ मिलीअँपचा मीटर ३.३ किलोओम आणि २ किलोओमच्या प्रीसेटमधून तिथे जोडा आणि काटा उजव्या टोकाला आणा. ते शून्य डीबी. दाबताना काटा डावीकडे येईल. इनपुटला ४०० हर्ट्झ द्या. साधे मल्टिमीटर १००० हर्ट्झला एसी खोटे दाखवतात, ४०० ला बरेचसे खरे. ग्रिडवर ०.४ व्होल्टपेक्षा जास्त जाऊ देऊ नका, त्यापुढे हे व्हॉल्व्ह आवाज दाबण्याआधीच तो विकृत करतात. आउटपुट १.२२८ व्होल्ट करा. आता बॅटरीचा पॉट फिरवत जा : आउटपुट ०.८६९ झाले तिथे डायलवर ३, ०.६१५ ला ६, ०.३८८ ला १०. प्रत्येक यंत्राचा डायल वेगळा होतो, म्हणून आम्ही छापील डायल देत नाही. शेवटी सोडवलेल्या तारा परत जोडा.

वापर आणि तक्रारी

ख्यालाच्या रेकॉर्डिंगला ३ ते ४ डीबीपेक्षा जास्त दाबू नका आणि रिलीज २.२ मेगओमवर ठेवा. अमीर खाँसाहेबांच्या गावात अतिविलंबित गाणारे कमी नाहीत आणि अशा गाण्यात गायक थांबतो तेव्हा कंप्रेसर उघड होतो : रिलीज जलद असेल तर प्रत्येक विरामात तानपुरा फुगून वर येतो आणि पुढच्या स्वराला खाली बसतो. भजन मंडळाच्या हार्मोनियम-टाळांना ४७० किलोओम चालते. तबल्याची थाप अडवायला हे यंत्र वापरू नका. ९ मिलीसेकंदांत चाट निघून गेलेली असते. माइक सरळ लावायचा नाही, आधी प्रीअँप हवाच.

पावसाळ्यात थ्रेशोल्ड आपोआप सरकला किंवा मीटर शून्यावर परतेना, तर व्हॉल्व्हवर संशय घेण्याआधी रिलीजचा रोटरी स्विच आणि टॅग स्ट्रिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. २.२ मेगओमच्या शेजारी फ्लक्सवरची ओल म्हणजे न मागता लावलेला आणखी एक रेझिस्टन्स. बॅलन्स दर सहा महिन्यांनी तपासा. एक व्हॉल्व्ह गेला तर दोन्ही बदला, आणि जुनी चिठ्ठी घेऊन या. उरलेल्या चांगल्या व्हॉल्व्हला त्या आकड्यांवरून जोडीदार शोधता येतो.