पासष्टी झाली की मेडिकेअर आपोआप आणि फुकट?

‘अमेरिकेत 65 वर्षं पूर्ण झाली की सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, आपोआप आणि फुकट मिळतं’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. काहींच्या घरी कार्ड खरोखरच न मागता येतं, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते येतं आधीपासून सोशल सिक्युरिटी या तिथल्या सरकारी योजनेची पेन्शन घेणाऱ्यांना. बाकीच्यांनी स्वतः नोंदणी करायची असते. मुदत सहसा सात महिन्यांची: वाढदिवसाचा महिना, आधीचे तीन आणि नंतरचे तीन.

आता पैशांचं. रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असलेल्या भाग ‘ए’ला हप्ता पडत नाही, पण त्यासाठी तुम्ही किंवा जोडीदाराने तिथे कर भरून साधारण 10 वर्षं काम केलेलं लागतं. डॉक्टरांच्या फीसाठी असलेल्या भाग ‘बी’ला दरमहा हप्ता आहेच. मुदत चुकली आणि चालू नोकरीतला विमाही नसला, तर उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे हप्ता 10 टक्क्यांनी वाढतो, तोही बहुधा कायमचा. ही अट मला फार कठोर वाटते.

ग्रीन कार्डावर मुलांकडे गेलेल्या आईवडिलांनी तर हे नीट पाहावंच. मुलाच्या नोकरीची वर्षं तुमच्या खात्यात धरत नाहीत. सलग 5 वर्षं तिथे राहिल्यावर मेडिकेअर हप्ता भरून घेता येतं.

खात्री करणं सोपं आहे. सोशल सिक्युरिटीच्या ऑनलाइन खात्यात तुमची क्रेडिट, म्हणजे कर भरून केलेल्या कामाचे गुण, दिसतात; हप्त्याविना भाग ‘ए’ मिळायला 40 हवीत, म्हणजे तीच साधारण 10 वर्षं. आणि मेडिकेअरच्या कार्डावर ‘ए’ व ‘बी’ भागांसमोर सुरुवातीची तारीख छापलेली असते. ‘बी’ची ओळच नसेल, तर तो भाग तुमच्याकडे नाही.