मासळीतलं फॉर्मेलिन आणि मासळीतला पारा

घरात सुनेला दिवस गेले की गोव्यात मासळीवरून दोन सल्ले ठरलेले असतात. शेजारीण सांगते, बाहेरची मासळी आणू नका, तिला फॉर्मेलिन मारलेलं असतं. मुंबईची नणंद मोबाइलवर पाठवते की मासळीत पारा असतो, बाळाच्या मेंदूला बाधतो. घरातल्यांच्या डोक्यात या दोन्हींचा काला होतो आणि निर्णय एकच निघतो: नऊ महिने हुमण (माशाची आमटी) बंद, डाळ-भात चालू.

या दोन विषांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. फॉर्मेलिन मासा मेल्यावर माणूस घालतो. पारा मासा जिवंत असतानाच त्याच्या अंगात साठतो, तोही त्याच्या खाण्यातून. म्हणून एकाला टाळायची युक्ती दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी फॉर्मेलिन, कारण आपल्याकडे बोलबाला त्याचाच. फॉर्मल्डिहाइड वायू पाण्यात विरघळवला की फॉर्मेलिन होतं, सुमारे 37 ते 40 टक्क्यांचं. शवागारात आणि प्रयोगशाळेत अवयव टिकवायला वापरतात तेच. माशाला ते लावायला बंदी आहे, तरी लावतात, कारण बर्फ महाग आणि वाट लांबची. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, पण ताटातली मासळी थांबत नाही. मग आंध्र, ओडिशा, तामिळनाडूहून ट्रक येतात. जुलै 2018 मध्ये याच दिवसांत अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक बाजारात पहाटे तपासणी केली. जागच्या चाचणीत फॉर्मेलिन सापडल्याचं सांगितलं गेलं, मागाहून प्रयोगशाळेचा अहवाल आला की प्रमाण मर्यादेत आहे. लोकांचा विश्वास त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत जो पडला तो आजतागायत वर आलेला नाही. सरकारने काही दिवस परराज्यातली मासळीच बंद केली.

त्या अहवालामागे घोटाळा होता की नव्हता, या वादात मी पडत नाही. पण एक शास्त्रीय अडचण खरी आहे. फॉर्मल्डिहाइड माशात मुळातच थोडं असतं. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, तो मोडताना फॉर्मल्डिहाइड तयार होतं, गोठवून बरेच दिवस ठेवलेल्या माशात जास्त. आपल्या रक्तातही ते कायम असतं आणि बाहेरून आलेलं शरीर मिनिट-दोन मिनिटांत निम्मं करून टाकतं. शिवाय ते पाण्यात विरघळतं आणि शिजवताना वाफेबरोबर बरंच उडून जातं. म्हणून लावलेली मासळी खावी असं नाही. फसवणूक ती फसवणूकच. पण खाल्लेलं फॉर्मल्डिहाइड आईच्या अंगात महिनोन् महिने साठून गर्भापर्यंत जातं, ही भीती निराधार आहे.

त्याचा खरा दणका श्वासातून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, ते मुख्यतः हुंगण्यावरून. आता गंमत बघा. ज्या घरात फॉर्मेलिनच्या धास्तीने बांगडा बंद होतो, त्याच घरात येणाऱ्या बाळासाठी सातव्या महिन्यात प्लायवूडचं नवं कपाट येतं, खोली बंद करून एसी लावला जातो, आणि त्या प्लायवूडच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइडच बाहेर पडत असतं. लाकडाच्या धुरातही ते असतं. बांधकामाच्या जागी पत्र्याच्या खोलीत राहणारी गरोदर बाई, गॅस संपला की तीन दगडांवर फाटी पेटवते, तेव्हा ते थेट छातीत ओढते. चुलीच्या धुराचा आणि कमी वजनाच्या बाळांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. तिला मासळी नको म्हणून सांगणारे पुष्कळ, सिलिंडर भरून देणारं कोणी नाही.

पाऱ्याची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. कोळसा जळतो, सोन्याच्या खाणीत पारा वापरतात, तो हवेतून समुद्रात येतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळात, शेवाळातून बारीक जलजीवांत, त्यांच्यातून पेडव्यासारख्या छोट्या मासळीत, पेडव्यातून इसवणात (सुरमईत). प्रत्येक पायरीवर साठा वाढतो, आणि मासा जितका मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका पारा जास्त. हा पारा मांसाच्या प्रथिनांना चिकटून बसतो. धुवा, तळा, कोकम-मीठ लावून रात्रभर ठेवा, तो जात नाही. खारवून सुकवला तरी तिथेच.

ओळखण्याच्या बाबतीतही हेच. फॉर्मेलिनसाठी लोक माशी बसते का बघतात, कल्ले उचकून बघतात, मासा दगडासारखा ताठ आहे का चाचपतात. ही परीक्षा कच्ची आहे, नुसत्या बर्फातल्या मासळीवरही माशी फारशी बसत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची साधी चाचणी काढली आहे, तिचा आधार तरी आहे. पाऱ्याला असली कुठलीच खूण नाही. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यातून, आत्ताच काढलेला, लालभडक कल्ल्यांचा मासाही पारा घेऊन आलेला असू शकतो. म्हणजे "ताजी आहे, गावची आहे" हे उत्तर फॉर्मेलिनला चालतं, पाऱ्याला नाही.

गर्भाशी पाऱ्याचं नातं काय, हे जपानच्या मिनामाता गावाने दाखवलं. तिथल्या कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी खाडीत जायचं. 1956 मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. पुढे लक्षात आलं की काही आया जवळपास धडधाकट आहेत आणि त्यांची मुलं जन्मतःच मेंदूने आणि हातापायांनी अधू. वार बाळापर्यंत विष जाऊ देत नाही, असं मानणाऱ्या डॉक्टरांना हे पटेना. पण जपानी घरांत बाळाची वाळवलेली नाळ डबीत जपून ठेवायची रीत आहे. वर्षांनंतर त्याच नाळा तपासल्या आणि त्यांत पारा सापडला. आज माहीत आहे की बाळाच्या नाळेतल्या रक्तात आईच्या रक्ताहून जास्त पारा असतो, ढोबळ मानाने दीडपटीच्या पुढे. मिनामाताचं नाव घेऊन पाऱ्याविरुद्ध जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याला भारताने मान्यता दिली ती जून 2018 मध्ये, मडगावच्या गदारोळाच्या महिनाभर आधी. आपल्या बाजारात त्याची चर्चा ऐकू आली नाही.

हिशेब मांडून बघू. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये गर्भाचा विचार करून मर्यादा घातली: आठवड्याला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. 60 किलोच्या बाईला 96. समजा मोठ्या इसवणात किलोला अर्धा मिलिग्रॅम आहे. दोन जाड तुकडे, म्हणजे 200 ग्रॅम खाल्ले की 100 मायक्रोग्रॅम. आठवड्याचा कोटा एका जेवणात संपला. समजा बांगड्यात त्याच्या दहावा हिस्सा आहे. तेवढंच खाल्लं तर 10. बांगडा आठवड्यातून दोन-तीनदा खाऊनही ती निवांत.

म्हणून मासळी बंद करणं हा दोन्ही भीतींवरचा चुकीचा उपाय. सेशेल्स बेटांवर गरोदर बाया आठवड्याला साधारण बारा वेळा मासे खात, तरी मुलांत ठळक नुकसान दिसलं नाही. फेरो बेटांवर पाऱ्याने जड असलेलं व्हेलचं मांस खाणाऱ्यांच्या मुलांत मात्र सात वर्षांच्या वयात स्मरणशक्ती, भाषा, एकाग्रता यांत फरक दिसला. मासळीतलं ओमेगा-3 मिळालं तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती कमी होते, हे वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यातही आलं आहे. अमेरिकी सल्लाही आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम कमी पाऱ्याची मासळी खाण्याचा आहे.

इथे गोव्याचं एक वैशिष्ट्य. मिनामातात झळ लागली ती गरीब कोळी घरांना, कारण ते स्वतः पकडलेलंच खात. आपल्याकडे वाट्यावर मिळणारी तारली, पेडवे, बांगडे स्वस्त आणि पाऱ्याने हलके. किलोने घेतलेला मोठा इसवण महाग आणि जड. पाऱ्यापुरतं बघायचं तर रोजंदारीवरच्या बाईचं ताट बंगलेवालीच्या ताटाहून बरं. पण पैसे नसले की तिच्या ताटातून आधी मासळीच जाते, आणि धूर तिच्याच वाट्याला.

एका पथ्यावर मात्र बोट ठेवावंच लागेल. बाळंतिणीला मुडदुशी देतात, पचायला हलकी म्हणून, ते उत्तम. मोरीही देतात, दूध वाढतं म्हणून. मोरी शार्कच. बाजारातल्या छोट्या मोरीत मोठ्या शार्कइतका साठा नसतो, पण दिवस गेलेल्या बाईला मोठ्या मोरीचं आंबटतीक आठवड्याला वाढणं बरं नव्हे. मोठा ट्यूना आणि तलवार मासाही त्याच रांगेतले.

शेवटचा फरक वेळेचा. फॉर्मेलिन आज टाळलं तर आजच सुटलं. पारा अंगातून निम्मा व्हायला दीड-दोन महिने लागतात आणि बाळाचा मेंदू पहिल्या आठवड्यांतच घडू लागतो. तेव्हा मोठ्या मासळीचा सल्ला मूल हवं असं ठरवलं त्याच दिवशी द्यायचा, दिवस राहिल्याची पट्टी बघून नाही.