केबलची तार: न थांबता ओढण्याचा इतिहास

तार ओढण्याची मूळ क्रिया आठ-नऊशे वर्षांत बदललेली नाही. कांबीचं टोक निमुळतं करायचं, कांबीपेक्षा बारीक भोकातून पलीकडे काढायचं आणि खेचायचं. व्यास निम्मा झाला की लांबी चौपट होते. बदलत गेलं ते एवढंच, की न थांबता किती वेळ खेचता येतं. केबल कारखान्यांतल्या आजच्या यंत्रांची कुळकथा म्हणजे थांबण्याची एकेक कारणं दूर होत गेल्याची कथा आहे.

सुरुवातीला आड येत होता माणसाचा हात. न्युरेंबर्गमध्ये मध्ययुगाच्या अखेरीस पाणचक्कीच्या जोरावर तार ओढली जाऊ लागली, पण चिमटा धरायला माणूस लागायचाच. 1540 साली छापलेल्या एका इटालियन धातुविद्येच्या ग्रंथात हा कारागीर झोपाळ्यावर बसलेला दाखवलाय: चाकाच्या फेऱ्याबरोबर मागे खेचलं जायचं, झोका पुढे आला की तार पुन्हा पकडायची. प्रत्येक पकडीचा व्रण तारेवर उरायचा. पुढे चिमट्याऐवजी फिरता ड्रम आला आणि ओढ सलग झाली. टाचण्या-जाळ्यांना एवढं पुरेसं होतं.

टेलिग्राफला ते पुरलं नाही. 1858 च्या, अटलांटिक महासागराच्या तळावरून टाकलेल्या टेलिग्राफ केबलमध्ये दर सागरी मैलाला 107 पौंड तांबं होतं. ती काही आठवड्यांतच मुकी झाली. 1866 च्या यशस्वी केबलमध्ये हाच आकडा 300 पौंड होता. पण नुसतं जास्त तांबं घालून भागत नव्हतं. किंचित भेसळीनेही तांब्याची वाहकता किती घसरते, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी दाखवून दिलं होतं. 1865 मध्ये जेम्स एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने तांबं शुद्ध करण्याचं पेटंट घेतलं. तरीही खांबांवर तारा लोखंडाच्याच राहिल्या, कारण मऊ तांबं स्वतःच्या वजनानेच ताणून झोळ देतं. 1877 मध्ये अमेरिकेत थॉमस डूलिटल यांनी मधे ताव न देता थंडच ओढत नेलेली कडक तांब्याची तार बनवली आणि तांबं खांबांवर टिकू लागलं.

पुढचा अडथळा भोकाचा. पोलादी डाय, म्हणजे ज्याच्या भोकातून तार ओढतात तो साचा, लवकर झिजते आणि तार हळूहळू जाड निघू लागते. हिऱ्याच्या डाय होत्या, पण महाग, आणि मुख्यतः बारीक तारांपुरत्या. उपाय सापडला तो दिव्यांच्या उद्योगात. टंग्स्टनची फिलामेंट ओढायला हिऱ्याला पर्याय हवा होता, म्हणून ऑसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी 1923 च्या सुमारास टंग्स्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टसोबत भाजून घट्ट केली. आज कार्बाइड म्हटलं की लेथवरची हत्यारं आठवतात, पण त्याचा जन्म तारेसाठी झाला. 1950 च्या दशकात कृत्रिम हिरा बनू लागला आणि त्यातून पुढे बहुस्फटिकी (बारीक कण एकत्र घट्ट केलेल्या) हिऱ्याच्या डाय आल्या.

डाय टिकू लागल्यावर त्या ओळीने लावणं परवडू लागलं, आणि खरी यंत्ररचना इथे सुरू होते. 8 मिलिमीटरचा रॉड 1.6 मिलिमीटरवर आणायचा, तर प्रत्येक डायमध्ये छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 20 टक्के कमी करत 14-15 डाय लागतात. लांबी 25 पट होते, म्हणजे आत सेकंदाला एक मीटर गेलं तर बाहेर 25 मीटर पडतं. मधल्या प्रत्येक कॅपस्टनचा (तार ओढणाऱ्या फिरत्या चाकाचा) वेग या वाढत्या लांबीशी जुळला नाही तर तार ढिली पडते किंवा तुटते. यावर तोड म्हणून कॅपस्टन तारेपेक्षा थोडा जास्त वेगाने फिरवतात आणि तारेला त्यावर किंचित घसरू देतात. तेल-पाण्याचं इमल्शन सतत वाहतं ठेवायचं ते या घर्षणासाठी आणि उष्णतेसाठी.

आता खोळंबा होता कच्च्या मालाचा. साच्यात ओतलेल्या ठोकळ्यांपासून लाटलेले रॉड आखूड असत, टोकाला टोक जोडावं लागे आणि तार त्या सांध्यावरच तुटे. इटलीतल्या इलारियो प्रोपर्झी यांनी वितळलेला धातू सलग ओतून लगेच लाटण्याची पद्धत आधी ॲल्युमिनियमसाठी यशस्वी केली. 1960 च्या दशकात ती तांब्यातही आली आणि काही टनांची अखंड वेटोळी मिळू लागली.

ओढून कडक झालेली तार भट्टीत तासन्‌तास मऊ करणं, हा शेवटचा मोठा थांबा. आता ओढयंत्राच्याच पुढे फिरत्या चाकांवरून जाणाऱ्या तारेत वीज सोडतात. ती धावता धावता तापते, मऊ होते आणि लगेच थंड केली जाते. लवचीक केबलसाठी तर 8 किंवा 16 तारा शेजारी शेजारी एकाच यंत्रात ओढल्या जातात. त्यांतली एक तुटली तरी सगळं यंत्र थांबवावं लागतं, म्हणून अशा यंत्रांवर रॉडमध्ये अडकलेला बारीकसा परका कणही जास्त महाग पडतो.