'एटीके काढा': मोहन बागानच्या फॅन्सचा राग नक्की कुठून आला

२०२० ते २०२३ मोहन बागान या कोलकात्याच्या जुन्या फुटबॉल क्लबच्या नावापुढे एटीके या दुसऱ्या टीमचं नाव लागलं होतं, आणि 'ते काढा' म्हणून फॅन्स तीन वर्षं भांडत होते. कोलकात्यातले फुटबॉल फॅन्स मॅनेजमेंटवर चिडले की बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं हे सगळं सोशल मीडियाने वाढवलेलं आहे. तसं नाहीये. मोहन बागानचा कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल हा अख्खा क्लबच एका टीम सिलेक्शनच्या भांडणातून निघाला. १९२० साली जोडाबागान क्लबची मॅच मोहन बागानशी होती, एका डिफेंडरला ऐनवेळी बाहेर बसवलं, क्लबच्या उपाध्यक्षांनी त्याला घ्या म्हणून सांगितलं, कोणी ऐकलं नाही, मग ते क्लब सोडून गेले आणि थोड्याच दिवसांत काही लोकांना घेऊन नवा क्लब काढला. म्हणजे 'याला का बसवलं' हा प्रश्न तिथे शंभर वर्षांहून जुना आहे.

१९११ साली मोहन बागानच्या अनवाणी टीमने इंग्रजांच्या टीमला हरवून आय.एफ.ए. शील्ड ही स्पर्धा जिंकली, ते सविस्तर सांगत नाही. फक्त दोन तारखा सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ३० सप्टेंबर १९७५, शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० हरवलं, आणि त्या धक्क्यात मोहन बागानच्या एका तरुण फॅनने जीव दिला. दुसरी १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्सवर डर्बी, म्हणजे याच दोन क्लबांची मॅच, चालू असताना गॅलरीत मारामारी आणि मग चेंगराचेंगरी झाली, १६ जण गेले. अजून दर वर्षी त्या दिवशी कोलकात्यात रक्तदान होतं. फॅन्सच्या वागण्यावर बोलायचं तर सुरुवात इथून करावी लागते, कारण 'पॅशन' म्हणून ज्याचं कौतुक होतं त्याचीच ही दुसरी बाजू आहे आणि कोलकात्याच्या जुन्या लोकांना ती पक्की माहीत आहे.

आता पैशाचं. १९९८ मध्ये एकाच मद्य कंपनीने दोन्ही क्लबांच्या फुटबॉलमध्ये ५० टक्के भागीदारी घेतली. त्यासाठी फुटबॉल टीमपुरती वेगळी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली गेली, आणि टीमची नावं झाली मॅकडॉवेल मोहन बागान आणि किंगफिशर ईस्ट बंगाल. हे नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो. या दिवसापासून मोहन बागान म्हणजे दोन गोष्टी झाल्या, एक मैदानावरच्या टेंटमधला (क्लबच्या ऑफिसला तिथे टेंट म्हणतात) मेंबरांचा क्लब, जिथे निवडणूक होते, सेक्रेटरी निवडला जातो, क्रिकेट आणि हॉकीपण चालतं, आणि दुसरी ती कंपनी जिच्या नावावर खेळाडूंचे करार असतात. त्या वेळी कोणाला फार फरक पडला नाही कारण अर्धा हिस्सा क्लबकडेच होता आणि टीम निवडणारे, कोच बदलणारे, खेळाडू फोडून आणणारे लोक तेच जुने होते.

त्या जुन्या लोकांचा कारभार मात्र चांगला होता असं अजिबात म्हणता येणार नाही. ९ डिसेंबर २०१२ ची डर्बी आठवा. मोहन बागान एका गोलने मागे, हाफ टाइमच्या थोडं आधी कॅप्टनला रेड कार्ड, गॅलरीतून दगड आणि काय काय आलं, आणि त्यांच्याच टीममधल्या एका खेळाडूच्या चेहऱ्याला लागून गालाचं हाड मोडलं. सेकंड हाफला टीम मैदानात आलीच नाही. देशाच्या फुटबॉल संघटनेने आधी आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमधून, दोन वर्षांची बंदी घातली, मग जानेवारी २०१३ मध्ये ती मागे घेऊन २ कोटी रुपये दंड केला आणि टीमचे पॉइंट्स शून्यावर आणले. तिथून ते रेलिगेशनमधून, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यापासून, वाचले ते खेळाडूंमुळे. त्या दिवशी चूक कोणाची यावर अजून एकमत नाही, रेफरी म्हणणारे आहेत, पोलीस बंदोबस्त म्हणणारे आहेत, पण टीम परत न उतरवण्याचा निर्णय टेंटमधल्या लोकांचा होता आणि त्याची किंमत फॅन्सनी मोजली. नंतर जेव्हा लोक 'आपला क्लब आपल्या माणसांच्या हातात असावा' म्हणायला लागले तेव्हा विरोधकांनी हेच प्रकरण पुढे केलं, आणि त्यात तथ्य होतं.

२०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही फ्रँचायझींची नवी लीग आली. कोलकात्याला स्पॅनिश क्लबच्या भागीदारीत एक नवी लाल-पांढरी टीम मिळाली, अ‍ॅटलेटिको दे कोलकाता, २०१७ ला ती भागीदारी संपल्यावर नुसतं एटीके राहिलं. २०१४, २०१६ आणि २०१९-२० असे तीन वेळा ते जिंकले. इकडे मोहन बागानने २०१५ ला आय-लीग जिंकली, शेवटच्या मॅचमध्ये बंगळुरूशी १-१ ड्रॉ करून, ते पण खेळाडूंचे पगार थकलेले असताना. पण लीगचं वजन सरकत होतं. आयएसएलमध्ये जायचं तर फ्रँचायझी फी भरायची, खेळून वर यायचा रस्ताच नव्हता, आणि २०१९ मध्ये आयएसएल ही देशातली पहिल्या नंबरची लीग म्हणून ठरली तेव्हा १८८९ चा क्लब कागदावर एकदम दुसऱ्या पायरीवर आला. पैसा उभा करणं टेंटमधल्या कोणाला जमत नव्हतं, कोणीतरी मोठा उद्योगसमूह लागणारच होता. फॅन्सपैकी बहुतेकांना हे मान्य होतं. 'फॅन्सना पैसा नको होता, नुसती परंपरा कुरवाळायची होती' हे जे म्हटलं जातं ते साफ चुकीचं आहे.

आता मुख्य निर्णय. १६ जानेवारी २०२० ला जाहीर झालं की एटीकेचा मालक असलेला उद्योगसमूह मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीत ८० टक्के हिस्सा घेतोय, २० टक्के क्लबकडे राहणार. सगळ्या बातम्यांमध्ये शब्द होता मर्जर. पण मर्जर म्हटलं की दोन क्लब एक झाले असं वाटतं, तसं काही झालं नव्हतं. मेंबरांचा क्लब कुठेही विलीन झाला नाही, तो टेंटमध्ये आहे तसाच राहिला. विकला गेला तो कंपनीचा हिस्सा. आणि घेणाऱ्याने आपली आधीची टीम बंद करून तिची आयएसएलमधली जागा, तिचा कोच आणि तिचे बहुतेक खेळाडू या कंपनीखाली आणले. म्हणून एक बाजू म्हणते हे टेकओव्हर होतं, दुसरी म्हणते एटीकेच बंद झाली, मोहन बागान तर जिवंत आहे, मग रडता कशाला. दोघांकडे कागद आहेत. माझ्या मते मात्र कागदापेक्षा त्यानंतरच्या सहा महिन्यांत काय झालं ते जास्त सांगून जातं.

१० मार्च २०२० ला मोहन बागानने कल्याणीत आयझॉलला १-० हरवून आय-लीग जिंकली, चार राउंड शिल्लक असताना. त्या सीझनला त्यांचा स्पॅनिश कोच होता आणि टीम इतकी सुंदर पासिंग करत होती की ईस्ट बंगालवालेसुद्धा खाजगीत कबूल करायचे. चार दिवसांनी एटीकेने गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये आयएसएल जिंकली. म्हणजे देशातल्या दोन्ही चॅम्पियन टीम एकाच मालकाकडे. मग नव्या सीझनला कोण राहिलं? कोच एटीकेचा, खेळाडूंचा गाभा एटीकेचा, आय-लीग जिंकून देणारा कोच गेला आणि त्याचे मुख्य परदेशी खेळाडू वेगवेगळ्या क्लबांत पांगले. १० जुलैला नाव जाहीर झालं, एटीके मोहन बागान. जर्सी हिरवी-मरून, लोगोवर पालवाली होडी तशीच, फक्त त्यात एटीके ही अक्षरं. जर्सी आणि होडी वाचली म्हणून सुरुवातीला अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला हे पण खरं आहे, त्याआधी लाल-पांढरे पट्टे येणार की काय अशी भीती होती.

मग लोकांनी विचारलं की मॅकडॉवेल चाललं तर एटीके का नको? हा मुद्दा आजही वादात सगळ्यात आधी येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. मॅकडॉवेल हा ब्रँड होता, त्याने कधी फुटबॉल मॅच खेळली नव्हती, त्याच्या नावावर ट्रॉफी नव्हत्या. करार संपला की नाव जाणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि तसंच झालं. एटीके मात्र त्याच शहरातला दुसरा क्लब होता, स्वतःचा रंग, स्वतःचे फॅन्स, स्वतःच्या तीन ट्रॉफी असलेला. तो नावात पुढे बसला की इतिहास कोणाचा हा प्रश्न येतोच. आणि तो आला पण. नव्या सीझनच्या प्रचारात या टीमला 'डिफेंडिंग चॅम्पियन' म्हटलं जायला लागलं. जी स्पर्धा मोहन बागान कधी खेळलाच नव्हता तिचा तो गतविजेता कसा? आणि जर एटीकेच्या ट्रॉफी याच टीमच्या असतील तर मग १९११ कोणाचं? हा प्रश्न भावनेचा कमी आणि हिशोबाचा जास्त आहे, आणि मला आजवर याचं समाधानकारक उत्तर एकाही मर्जर समर्थकाकडून मिळालेलं नाही.

अजून एक गोष्ट विसरली जाते. कोविडमुळे आयएसएलचे पुढचे दोन सीझन पूर्ण गोव्यात, बंद स्टेडियममध्ये झाले. नव्या नावाची टीम लीगमध्ये स्वतःच्या माणसांसमोर खेळलीच नाही. त्यामुळे राग जिथे निघतो ती गॅलरीच नव्हती, मग तो भिंतींवर, बॅनरवर आणि रोजच्या हॅशटॅगमध्ये निघाला. त्यात घाणही होती, खेळाडूंच्या कुटुंबियांना शिव्या घालण्यापर्यंत लोक गेले, त्याचं समर्थन होऊ शकत नाही. त्या खेळाडूंनी नाव ठरवलं नव्हतं. सप्टेंबर २०२१ मध्ये उझबेकिस्तानात एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत तिथल्या नसाफ क्लबने ६-० मारलं तेव्हा तर काही फॅन्स उघड म्हणाले, हरला तो एटीके. आपल्याच रंगाची जर्सी हरताना असं म्हणायची वेळ येणं, याहून वाईट काय असणार. एप्रिल २०२२ मध्ये एएफसी कपला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमची गॅलरी परत उघडली तेव्हा 'रिमूव्ह एटीके' स्टेडियमच्या आत पोचलं.

याच काळात शेजारी ईस्ट बंगालमध्ये उलटं नाटक चालू होतं, तिथे फॅन्सचा मोठा गट टेंटमधल्या पदाधिकाऱ्यांवर चिडला होता कारण ते गुंतवणूकदाराच्या अंतिम करारावर सही करत नव्हते. जुलै २०२१ मध्ये क्लबसमोर आंदोलन झालं, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. सरकारच्या मध्यस्थीने टीम कशीबशी उभी राहिली आणि २०२१-२२ ला तळाला गेली. मोहन बागानच्या पदाधिकाऱ्यांचे समर्थक हे उदाहरण नेहमी देतात, बघा, आम्ही सही केली म्हणून निदान टीम आहे.

१८ मार्च २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची फायनल, बंगळुरूशी २-२, पेनल्टीवर ४-३ ने एटीके मोहन बागान जिंकले. आणि त्या मैदानावरच मालकांनी सांगून टाकलं की पुढच्या सीझनपासून एटीके जाणार. जूनपासून नाव झालं मोहन बागान सुपर जायंट. पुण्याच्या लोकांना हे शेपूट ओळखीचं वाटेल, २०१६ आणि २०१७ च्या आयपीएलमध्ये याच समूहाची पुण्याची टीम होती, पहिल्या वर्षी सुपरजायंट्स आणि दुसऱ्या वर्षी सुपरजायंट. काही लोक या शेपटावरही नाराज आहेत पण बहुतेकांनी ते घेतलं, कारण ती मालकाची खूण आहे, दुसऱ्या क्लबची नाही, आणि मोहन बागान आधी येतं. तीन वर्षं जे म्हणत होते की नावाने काय होतं, त्यांनी यानंतरची गॅलरी बघावी. १५ एप्रिल २०२४ ला मुंबई सिटीला २-१ हरवून आयएसएलची शील्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते ती) घेतली तेव्हा सॉल्ट लेकमध्ये साठ हजारांवर लोक होते. २०२४-२५ ला ही शील्ड आणि फायनलचा कप दोन्ही.

त्याच वर्षी, १८ ऑगस्ट २०२४ ला, ड्युरंड कपमधली डर्बी सुरक्षेच्या कारणाने रद्द झाली आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि कोलकात्याचाच तिसरा क्लब मोहम्मेडन, तिन्हीचे फॅन्स स्टेडियमबाहेर एकत्र जमले, आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या बलात्कार आणि खून झालेल्या डॉक्टरला न्याय मिळावा म्हणून. तिथेही लाठ्या चालल्या. १९८० आणि २०१२ सांगणाऱ्यांनी हा दिवसही सांगायला हवा.

मग इराण आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आशियाई स्पर्धेच्या मॅचसाठी टीम इराणमधल्या तब्रिझला गेली नाही, खेळाडूंनी सुरक्षेचं कारण देऊन लेखी नकार दिला होता, आणि स्पर्धेतून नाव काढलं गेलं. तेव्हा बहुतेक फॅन्स खेळाडूंच्या बाजूने होते. सप्टेंबर २०२५ मध्ये परत ड्रॉमध्ये इराणचा क्लब आला, परत टीम गेली नाही, परत बाहेर. या वेळी सहानुभूती संपली होती, आय.एफ.ए. शील्डच्या मॅचना हुर्यो उडवली गेली, बहिष्काराची भाषा झाली. खेळाडूंच्या जिवाचा प्रश्न मी हलका मानत नाही, परदेशी खेळाडूंना त्यांच्या सरकारांचे इशारे होते. पण दुसऱ्या वर्षी सीझन सुरू होण्याआधीच ही शक्यता दिसत होती, मग तयारी काय केली, हे विचारायचा हक्क फॅन्सना आहे. तो प्रश्न कुठे विचारायचा इथे मात्र गाडी परत १९९८ च्या त्या कंपनीवर येऊन थांबते. मेंबरांना मत आहे, पण ते मत टेंटमधल्या कमिटीसाठी आहे, आणि फुटबॉलच्या निर्णयात त्या कमिटीचा हिस्सा २० टक्के. उरलेल्या ८० टक्क्यांसाठी निवडणूक होत नाही.