गूझ, पण गूझ म्हणायचं नाही

काही अमेरिकन क्राफ्ट ब्रुअरींच्या आंबट बियरवर ‘मेथोड ट्रॅडिशनेल’ (पारंपरिक पद्धत) असे फ्रेंच शब्द छापलेले असतात. नाकाला वाळल्या गवताचा आणि तबेल्याचा वास, जिभेला ग्रेपफ्रूटच्या सालीचा आंबट कडवटपणा, शेवटी अगदी कोरडी, गोडाचा मागमूस नाही. बेल्जियममधल्या ब्रसेल्सची गूझ नावाची आंबट बियर प्यायलेला माणूस डोळे मिटून सांगेल की ही गूझ आहे. बाटलीवर मात्र तो शब्द नसतो. त्यामागे गेल्या साठ वर्षांतल्या कायद्यांची आणि एका वादाची गोष्ट आहे.

गूझ ज्या लॅम्बिकपासून, म्हणजे हवेतल्या जंतूंनी आपोआप आंबणाऱ्या बियरपासून बनते, तिचा मुलूख म्हणजे ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येचं सेन नदीचं खोरं, पायोटेनलांड. तिची वंशावळ सोळाव्या शतकापर्यंत नेण्याची हौस अनेकांना आहे, पण ते दुवे कच्चे आहेत. जाड बाटलीत फसफसणारी आजच्या ओळखीची गूझ ही एकोणिसाव्या शतकातली. बार्लीच्या माल्टबरोबर मोड न आणलेला गहू, आणि मुद्दाम जुने केलेले हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी फुलं. त्यांचा सुगंध नको असतो, नको ते जंतू रोखण्याची ताकद हवी असते. उकळलेलं वर्ट, म्हणजे धान्याचा गोड काढा, रात्रभर कूलशिप नावाच्या उथळ, पसरट हौदात उघडं निवतं. विरजण कोणी लावत नाही. हवेतून आणि लाकडी पिंपांतून जे येईल तेच काम करतं: आधी एन्टेरोबॅक्टेरिया, मग नेहमीचं यीस्ट, मग आंबटपणा आणणारा पेडिओकॉकस आणि शेवटी महिनोन्महिने रेंगाळणारं ब्रेटॅनोमायसिस. हे यीस्ट १९०४ मध्ये कोपनहेगनला ओळखलं गेलं, तेही इंग्लिश बियरच्या अभ्यासातून. उन्हाळ्यात भलतेच जंतू माजतात, म्हणून ब्रुइंग साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवल्या की गूझ तयार. लॅक्टोबॅसिलस हे जीवाणू घालून एकदोन दिवसांत आंबट केलेली ‘केटल साऊर’ हा निराळा प्रकार. तीही चांगली लागू शकते, पण तिला ‘बेल्जियन परंपरेतली’ म्हणणं म्हणजे थापच.

मुख्य गुंता नावाचा. १९६५ च्या बेल्जियन शाही आदेशाने लॅम्बिकमध्ये किमान ३० टक्के गहू हवा असं ठरवलं, पण गूझ या नावाभोवतीचं कुंपण सैलच राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांची जीभ कोला आणि लिंबूसोड्याला सरावली, तसे मोठे कारखाने गाळलेली, गोड केलेली, दुसरी बियर मिसळलेली गूझ विकू लागले. ते सगळं कायदेशीर होतं आणि आजही आहे. लॅम्बिक मिसळून गूझ बनवणारे छोटे ब्लेंडर एकामागून एक बंद पडले.

१९९७ मध्ये उरलेल्या काही उत्पादकांनी संघटना उभी केली आणि त्याच वर्षी ‘आउडे गूझ’ या नावाला युरोपीय संरक्षण मिळालं. आउडे म्हणजे जुनी. सगळा माल नैसर्गिक किण्वनाचा, मिश्रणाचं सरासरी वय किमान एक वर्ष आणि त्यातली सर्वांत जुनी लॅम्बिक तीन वर्षं लाकडात राहिलेली, असे नियम ठरले. इथे एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते. हे संरक्षण पद्धतीला आहे, जागेला नाही. शॅम्पेनसारखी हद्द त्यात आखलेली नाही. ‘सेनच्या खोऱ्याबाहेर लॅम्बिक होऊच शकत नाही’ हे वाक्य ब्रुअरी दाखवणारा प्रत्येक जण ऐकवतो. युरोपीय नियमात ते कुठेही नाही.

त्यामुळे अमेरिकेशी झालेला वाद कायद्याचा कमी आणि मानाचा जास्त. २००७ च्या सुमारास मेन राज्यातल्या एका ब्रुअरीने कूलशिप बसवली, पण बियरला लॅम्बिक म्हणणं टाळलं. २०१६ मध्ये टेक्ससच्या एका ब्रुअरीने तीन हिवाळ्यांची बियर मिसळून बाटलीवर ‘मेथोड गूझ’ छापलं. पद्धत गूझची, दावा फक्त पद्धतीचा. बेल्जियन संघटनेने हरकत घेतली. मग बोलणी झाली आणि ‘मेथोड ट्रॅडिशनेल’ वर तडजोड झाली: नैसर्गिक किण्वन, कच्चा गहू, जुने हॉप्स, कूलशिप, लाकडी पिंपं असे निकष पाळणाऱ्यालाच हे शब्द वापरता येतात.

तडजोड सभ्य आहे, पण तिची विसंगती लपत नाही. साखर घातलेल्या बेल्जियन बाटलीवर ‘गूझ’ चालतं आणि एक थेंबही गोड न केलेल्या टेक्ससच्या बाटलीवर चालत नाही. बेल्जियन बाजूची भीती खोटी नाही. नाव एकदा मोकळं सुटलं की त्याचं काय होतं, ते त्यांनी घरच्याच कारखान्यांत पाहिलंय. फक्त त्या कारखान्यांवर बोट रोखायला त्यांना जास्त वेळ लागला.

आता जागेचा युक्तिवादही हवामानामुळे हलू लागलाय. २०१५ च्या उबदार नोव्हेंबरात वर्ट पुरेसं निवेना, म्हणून ब्रसेल्समधल्या एका जुन्या ब्रुअरीला काम थांबवावं लागलं. खोरं तेच, पिंपं तीच, पण थंड रात्री कमी होत चालल्या आहेत.