शिफ्ट लाइट आणि लॉन्च कंट्रोल: टर्बो गाड्यांपर्यंतचा प्रवास

स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरचं पेटंट १९०५ साली घेतलं. सर्वसामान्यांच्या गाडीत तो यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर बाजारात आल्या. तेव्हापासूनची अडचण एकच. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, आणि उभ्या गाडीच्या इंजिनावर भारच नसल्याने तो वायू पुरेसा जोरदार नसतो. ॲक्सिलरेटर दाबला तरी बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, यायला वेळ लागतो. रेनोने १९७७मध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमधली पहिली टर्बो गाडी उतरवली, तिलाही या विलंबाने छळलं. पहिला विजय मिळाला तो १९७९मध्ये, दिजाँला.

शिफ्ट लाइटची गोष्ट त्यामानाने साधी आहे. इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, दाखवणाऱ्या जुन्या टॅकोमीटरचा काटा इंजिनाच्या थोडा मागे राहतो, शिवाय शर्यतीत नजर रस्त्यावर हवी. म्हणून इग्निशन कॉइलचे स्पंद मोजून ठरावीक आरपीएमला पेटून गिअर बदलायला सांगणारा वेगळा दिवा आला. ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतींत, तो रुळला आणि तिथून हौशी लोकांच्या डॅशबोर्डवर पोहोचला. टर्बो गाडीत तो विशेष उपयोगी ठरतो, कारण बूस्ट चढला की पहिल्या गिअरमध्ये आरपीएम बघता बघता लाल रेषेला, म्हणजे सुरक्षित आरपीएमच्या कमाल मर्यादेला, भिडतात. मात्र दिवा लाल रेषेवरच पेटेल असा लावायचा, ही समजूत मला चुकीची वाटते. छोटा टर्बो वरच्या आरपीएमला दमतो आणि तिथे ताकद उतरू लागते. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.० आणि तिसऱ्याचं १.४ असेल, तर ७००० आरपीएमला बदललेला गिअर इंजिनाला ४९००वर आणतो. तिथे भरपूर बूस्ट मिळत असेल, तर दिवा आधी पेटलेलाच बरा.

उभ्या गाडीला झटकन सुटायला मदत करणाऱ्या लॉन्च कंट्रोलचा उगम मात्र दुहेरी आहे, आणि इथेच बराच गोंधळ होतो. फॉर्म्युला वनमध्ये १९९३पर्यंत ते आलं होतं. १९९४साठी चालकाला मदत करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर बंदी आली. त्याच वर्षी बेनेटन संघाच्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉन्च कंट्रोल सापडलं. ते शर्यतीत वापरल्याचं सिद्ध झालं नाही. २००१मध्ये परवानगी परत मिळाली, २००४मध्ये पुन्हा गेली. पण या सगळ्या गाड्यांना टर्बो नव्हता. त्यांच्या लॉन्च कंट्रोलचं काम होतं चाकं जागच्या जागी फिरू न देणं.

टर्बोवाल्यांनी जे उचललं ते ड्रॅग स्ट्रिपवरचं टू-स्टेप: दोन मर्यादांचा रेव्ह लिमिटर, म्हणजे आरपीएम अडवणारी यंत्रणा. सुटण्याआधी खालची मर्यादा, क्लच सोडताच वरची. थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवला तरी ठिणगी तोडून इंजिन, समजा, ४००० आरपीएमला अडवलं जातं. साध्या इंजिनात याचा फायदा दर वेळी सारखी सुरुवात मिळण्यापुरता. टर्बोत मात्र न जळलेलं मिश्रण गरम एक्झॉस्टमध्ये पेटतं, टर्बाइन फिरतं आणि गाडी जागची हलण्याआधीच बूस्ट तयार होतो. ठिणगी उशिरा दिली तरी ज्वलन एक्झॉस्टपर्यंत लांबतं आणि हेच घडतं. १९९०च्या दशकातल्या रॅली गाड्यांची, टर्बोचा विलंब टाळणारी अँटी-लॅग यंत्रणाही याच तत्त्वावर चालायची.

ऑस्ट्रेलियातल्या हॅलटेक आणि मोटेक या कंपन्या १९८०च्या दशकात सुरू झाल्या. त्यांच्यासारख्यांनी प्रोग्रॅम करता येणारे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे संगणक, आणल्यावर हे सगळं एका पेटीत मावू लागलं. क्लच पेडलखाली एक स्विच आणि वेगाचा सिग्नल एवढ्यावर लॉन्चही जमतं आणि थ्रॉटल न सोडता गिअर बदलणंही. शिफ्ट लाइटला तोच ईसीयू सिग्नल देतो. पुढे निसान जीटी-आरसारख्या गाड्यांत लॉन्च कंट्रोल कारखान्यातूनच मिळू लागलं.

याची किंमत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोजतात. टू-स्टेपवर गाडी सेकंदामागून सेकंद धरून ठेवणं मला अजिबात पटत नाही: हवा तेवढा बूस्ट आला की त्यापुढे वाढते ती फक्त उष्णता. आणि बूस्ट आला तरी टायरची पकड वाढत नाही. चाकांचा वेग मोजून ताकद कमी करणारी यंत्रणा सोबत नसेल, तर ते काम चालकाच्या डाव्या पायालाच करावं लागतं.