इंग्रजी कळफलकावरून बंगाली: फोनेटिक टंकनाची पार्श्वभूमी

बंगाली टंकलेखनाच्या इतिहासात मुनीर चौधुरी यांचे नाव आदराने घेतले जाते. ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या या नाटककाराने १९६५ साली बंगाली अक्षरांसाठी कळांची नवी मांडणी तयार केली आणि पूर्व जर्मनीच्या ऑप्टिमा कंपनीने तिच्यावर बेतलेले यंत्र काढले. १४ डिसेंबर १९७१ रोजी बुद्धिजीवींच्या हत्याकांडात चौधुरी बळी पडले. त्यांचे ‘मुनीर ऑप्टिमा’ मात्र बांगलादेशातील कचेऱ्यांमध्ये पुढेही खडखडत राहिले. अर्थात ते यंत्र शिकलेल्या टंकलेखकाचे होते. सामान्य लेखकाने हाताने लिहावे आणि टंकलेखकाने ते उतरवून द्यावे, ही वाटणी त्यामुळे बदलली नाही.

संगणक आल्यावरही ती बराच काळ तशीच राहिली. १९८५ मध्ये सैफुद्दाहार शहीद यांनी मॅकिंटॉश संगणकासाठी ‘शहीदलिपी’ ही बंगाली टंकनाची प्रणाली तयार केली. १६ डिसेंबर १९८८ रोजी, म्हणजे बांगलादेशच्या विजयदिनी, मुस्तफा जब्बार यांचे ‘बिजॉय’ हे टंकनाचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि बांगलादेशातील छपाईचा व्यवसाय पाहता पाहता त्याच्या हाती गेला. बिजॉयमध्ये इंग्रजी जे या कळेवर ‘क’ आहे, जी ही कळ जोडाक्षराचा दुवा आहे, आणि जी व एफ लागोपाठ दाबल्यावर ‘आ’ उमटतो. एकदा हात बसला की ही मांडणी वेगवान आहे, पण हात बसायला सराव लागतो. शिवाय जुन्या बिजॉयमध्ये इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवरच बंगाली आकार बसवलेले असल्यामुळे, तो विशिष्ट फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. श्री-लिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीच्या काळातील मराठी मुद्रकांना हा ताप वेगळा समजावून सांगायला नको.

१९९१ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, पहिल्याच आवृत्तीत बंगाली लिपीला स्वतःची जागा मिळाली. वापरायला सोपे साधन मात्र मिळाले नव्हते. ती उणीव मैमनसिंह वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मेहदी हसन खान या तरुणाने भरून काढली. २६ मार्च २००३ रोजी, बांगलादेशच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने ‘अव्रो’ हा संगणकावरील कळफलक प्रसिद्ध केला आणि तो विनामूल्य ठेवला. अव्रोमध्ये ठरावीक मांडण्याही होत्या, पण घराघरांत पोचली ती फोनेटिक पद्धत, म्हणजे शब्द उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत टंकायचा आणि पडद्यावर तो बंगालीत उमटायचा. इंग्रजी कळफलक शाळेपासून माहीत असलेल्या आणि मोबाइलवरील संदेश रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय झालेल्या पिढीला नवीन मांडणी पाठ करण्याची गरज उरली नाही.

या पद्धतीला ध्वनीवर आधारलेली म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. बंगालीत श, ष आणि स हे तिन्ही वर्ण बहुतेक शब्दांत ‘श’सारखेच उच्चारले जातात, न आणि ण यांत कानाला फरक कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचेही तेच. म्हणजे केवळ कानावर विसंबून टंकन केले तर शुद्धलेखन कोसळेल. अव्रोने हा प्रश्न मोठ्या आणि लहान इंग्रजी अक्षरांच्या भेदाने सोडवला: लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट, लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. मला यातला सर्वांत विचारपूर्वक केलेला नियम रेफाचा वाटतो. ‘करीन’ या अर्थाचा बंगाली शब्द ‘कोर्बो’ असा ऐकू येतो, पण लिहिताना र आणि ब सुटे राहतात. पावसाळ्याला बंगालीत ‘बर्षा’ म्हणतात आणि तिथे मात्र रेफ हवाच. म्हणून अव्रोमध्ये एकदा आर दाबला तर र सुटा राहतो आणि दोनदा दाबला तरच पुढच्या अक्षरावर रेफ चढतो. उच्चार सारखा असूनही लेखन कुठे वेगळे आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागते, आणि माझ्या मते ही अट भाषेच्या हिताचीच आहे. वेलांटीचा क्रमही इथे सरळ झाला. जुन्या बिजॉयमध्ये ऱ्हस्व वेलांटी कागदावर आधी दिसते म्हणून व्यंजनाच्या आधी टंकावी लागे. अव्रोमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते.

२०१० मध्ये वाद उभा राहिला. अव्रोमधील ‘युनिबिजॉय’ ही मांडणी बिजॉयची नक्कल असल्याची तक्रार जब्बार यांनी कॉपीराइट कार्यालयाकडे केली. त्यावर बांगलादेशात मोठी खळबळ उडाली आणि शेवटी समझोता होऊन अव्रोने ती मांडणी काढून टाकली. फोनेटिक पद्धत अव्रोची स्वतःची असल्यामुळे तिला या वादाची झळ लागली नाही. त्याच सुमारास अव्रोची मूळ संहिताही (सोर्स कोड) सर्वांसाठी खुली झाली.

२०२५ मध्ये बांगलादेश सरकारने मेहदी हसन खान यांना एकुशे पदक हा राष्ट्रीय सन्मान जाहीर केला, तेव्हा हे काम एकट्याचे नाही, असे त्यांनी कळवले. त्यानंतर त्यांच्या तीन सहकाऱ्यांचीही नावे त्या सन्मानात घालण्यात आली.